बेअरिंग

पोवई नाक्याला माझं दुकान, पंक्चर आणि वेल्डिंगचं.
नसीम मुलाणी खुर्ची दाखवायला आली, म्हणजे खुर्चीतच आली.
म्हणाली, पन्नासच्या पुढे पुढची चाकं थरथरतात.
पन्नास काय?
स्पीड. यवतेश्वरचा घाट.

रविवारी पहाटे पान्यांचा डबा घेऊन मीच वर गेलो.
खाली सातारा दिवे मालवत होता,
अजिंक्यतारा अर्धा धुक्यात.
तिनं हातमोजे दातांनी ओढून घट्ट केले,
मांड्यांवरचा पट्टा चाचपला,
निघताना आपण कुलूप ओढून बघतो तसा.
मग ती नव्हतीच.
वळणामागून फक्त आवाज,
माझ्या बेअरिंगचा.

स्कूटरवर मागे निघालो, दोन्ही ब्रेक दाबून.
वीस वर्षं हा घाट असाच उतरतोय,
हे तेव्हा बोटांना कळलं.

बोगद्याच्या अलीकडे ती थांबलेली, कोपर सोललेलं.
चहावाला म्हणाला, ताई, तुमच्याकडे बघून हिंमत येते.
हिंमत राहू दे, ती म्हणाली, कप जरा जवळ दे.
आणि मला: डावं चाक अजून किंचित गातंय.

सोमवारी खोललं.
एक छर्रा झिजलेला, मोहरीएवढा.
तो खिशातच आहे.
तिसऱ्या वळणापर्यंत
हल्ली मी एकच ब्रेक धरतो.