पाऊणकी

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
हे तुला कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं,
शाळाच नव्हती.
मी मालवण डेपोत एकतीस वर्षं
गाड्यांच्या वेळा लिहिल्या, लाल-निळ्या शाईत,
आणि तू चुलीपुढे बोटांची पेरं मोजून सांगायचीस
आज कोळंबची खाडी कितीला उघडी पडेल.
तुझी वेळ कधी लेट झाली नाही.

म्हणतात, जीव ओहोटीबरोबर जातो.
तू गेलीस पंचमीला, पहाटे पावणेचारला.
पाच पाऊण पावणेचार.
पाणी पुलाच्या खांबांना पूर्ण चढलेलं.
तेराव्यापर्यंत मी हेच गणित करत बसलो,
कुठे चुकलं, कुणाचं चुकलं.
लोकांना वाटलं, जप करतोय.

अमावास्या उलटली. द्वितीया. साडेसातला सुकती.
तुझी कोयती मागल्या दारी, खुंटीला.
मुठीवरची चिंधी तुझ्या हाताएवढी झिजलेली,
माझा हात तिच्यात बसेना.
तरी घेतली. रोवळी घेतली.

खाडीत सगळ्या बायकाच.
"रतनचो घोव इलो," कुणीतरी म्हणालं
आणि क्षणभर कोयत्या थांबल्या.
मग जयवंती सरकली, खडकाची एक कड मोकळी केली.
"हय बसा. आणि घाय नको, भावोजी,
ही काय येष्टी न्हय."
हसल्या सगळ्या.
मीही हसलो, सत्तावीस दिवसांनी.

तिसऱ्याच घावाला अंगठा कापला.
खारं पाणी झोंबलं, आणि बरं वाटलं
की कुठे दुखतंय
ते बोट दाखवून सांगता येतंय.

खडकाखाली हात घातला तर
बारकी कालवं, नखाएवढी, दाटीनं.
कोयती लावणार तेवढ्यात जयवंती म्हणाली,
"ती रवांदेत. रतनान ठेवलेली.
म्होरल्या वर्साक मोठी जातली."

पुढच्या वर्षाचं तू काही बोलली नव्हतीस.
मला नाही, मुलाला नाही,
त्या रात्रपाळीच्या नर्सलाही नाही.
इथे बोलून ठेवलं होतंस,
पाण्याखाली.

पाणी घोट्याला लागलं तशा बायका उठल्या.
माझ्या रोवळीत जेमतेम मूठभर कालवं,
त्यात निम्मा चिखल.

घरी येऊन अंगठ्याला हळद लावली.
उद्या तृतीया.
तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे सकाळी सव्वाआठ.
पेरं मोजली त्याच अंगठ्यानं,
पेरापेरावर थोडं पिवळं राहिलं.