मेनच्या वरची ओळ

तांपेरे. जानेवारी. दुपारचे तीन,
आणि दिवस केव्हाच मिटलेला.
ही पूर्वी कापडगिरणी होती. आता इथेही धागेच,
हा विनोद हिल्कानं इतक्यांदा ऐकलाय
की ती हसायच्या जागी नाक पुसते.

दवाखान्यांचा प्रोग्राम.
'फाईल उघडा' म्हटलं की खिडकी अर्धी उमटते
आणि थिजते,
बाहेरच्या तळ्यासारखी.
कुओपिओहून नर्स फोनवर :
मी काही केलं नाही हो, नुसतं क्लिक केलं.

चार दिवस धागेदोरे शोधण्यात गेले.
एक धागा दुसऱ्यासाठी थांबलेला,
दुसरा पहिल्यासाठी :
आधी तुम्ही, छे, आधी तुम्ही,
दारात अडकलेली दोन सभ्य माणसं.
त्यांच्यामागे तिष्ठत बसलेले एकशे चाळीस रुग्ण.

पाचव्या दिवशी ती उलटी चालत गेली,
स्क्रोल करत करत थेट मेनपर्यंत.
इथे कुणी बघत नाही.
उंबरठ्याकडे कोण बघतं?
सगळ्यांना आत शिरायची घाई.

इथे एक ओळ असायची,
मेनच्या वर, चौकटी कंसात एकच शब्द.
ती सांगायची :
हा धागा आपल्या खोलीत एकटा राहतो.
काम असेल त्यानं दाराखालून चिठ्ठी सरकवावी,
क्रमानं उत्तर मिळेल.
आणि हे सांगायचं
पहिलं पाऊल पडायच्या आत.
मागाहून कितीही ओरडा,
खोल्या तोवर वाटून झालेल्या असतात.

जुन्या नोंदी उघडल्या.
ओळ खोडली अकरा महिन्यांपूर्वी, शुक्रवारी, सहाला पाच कमी असताना.
शेरा : निरुपयोगी. साफसफाई.
खोडणारी व्यक्ती : हिल्का रांतानेन.

तिनं हेडफोन काढले.
पलीकडे ओस्मो संत्रं सोलत होता,
त्याला काहीच ऐकू आलं नाही,
कारण ती काही बोललीच नव्हती.

ओळ परत लिहायला
चार सेकंद लागले.
खिडकी उघडली, पूर्ण, एका दमात,
जशी कधी अडकलीच नव्हती.

शेऱ्यात काय लिहायचं, याला वीस मिनिटं.
'ओळ हरवली होती.' खोडलं.
'ओळ खोडली गेली होती.' हेही खोडलं.
'मी खोडली होती.'

मग कुओपिओला फोन लावला.
रांगेत तुमचा क्रमांक सातवा आहे,
यंत्र म्हणालं.
ती थांबली.