एक टोक आखूड

कागद फुकटचा होता.
वेंगुर्ल्याच्या छापखान्यात लग्नपत्रिका कापून उरलेल्या पट्ट्या,
कडेला कुणाच्या तरी आग्रहाच्या निमंत्रणातला
अर्धाच ‘ग्र’.
मी कोरी बाजू वर ठेवायची.

चांदणी कापायला शिकवली सेबीने,
आंतोन पाववाल्याच्या धाकट्याने.
घडी, पुन्हा घडी, तिसरी जरा तिरकी,
मग कात्रीचा एकच घाव.
उलगडलं की पाच टोकं, सारखी,
कागदाला जणू ती आधीपासून पाठ होती.
माझ्या हातून कधी सहा निघायची, कधी नुसतंच झिपरं फूल.
सेबी हसायचा,
“ह्यो तारो नाय गो, ही कुर्ली.”

रंग घरचे.
कोकमाच्या आगळाचा लाल,
टपाल पोचेपर्यंत तो तपकिरी होई.
हळद. चुलीवरच्या पातेल्याची काजळी. भाताची खळ.
आणि चमकी म्हणून तांबोशीची खवलं,
सात पाण्यांनी धुतलेली, सुपात वाळवलेली,
नखाएवढी एकेक.
सात पाणी पुरत नाही, हे तेव्हा कळलं नव्हतं.

सुगंधाताई इचलकरंजीला दिलेली.
तिथे पंचगंगा आहे, रात्रभर खटखटणारे माग आहेत.
पहिल्या वर्षी ती माहेरी आलीच नाही.
पत्रात लिहायची, ‘इकडे सगळे मजेत’,
आणि खाली सही अशी की
त्या सगळ्यांत तिने स्वतःला धरलेलं नव्हतं.

बाबा तिला आणायला जाणार होते.
पण त्याच महिन्यात ट्रॉलरच्या विंचने
त्यांच्या उजव्या हाताची करंगळी नेली,
आणि मग फडकं सुटेपर्यंत, मग फडकं सुटल्यावरही,
ते रापणीच्या दोरीपलीकडे कुठे गेले नाहीत.

डिसेंबरची संध्याकाळ. मी ओटीवर कार्ड घेऊन बसलेली,
चौथी चांदणी बिघडलेली, कात्री बोथट.
बाबा आले, आणि खिशातून काढून
माझ्या पट्ट्यांवर ठेवला एक तारामासा,
जाळ्याला चिकटून आलेला, विकत कुणी न घेणारा, कडक वाळलेला.
चार हात लांब. पाचवा
दाण्याएवढा.

“तुटलेलो हात ह्येका परत येता,” ते म्हणाले.
“येळ लागता. पण येता.”

मी त्यांच्या हाताकडे बघितलं नाही.
म्हणजे, बघितलंच.

मग आम्ही आगळ बशीत ओतलं,
तारामासा त्यात पालथा घातला,
आणि बाबांनी तळव्याने तो कागदावर दाबला,
होडी वाळूत ढकलतात तसा, सगळा भार देऊन.
उठला ठसा: चार टोकं लांब, एक आखूड.
मी खडूने ते वाढवायला गेले.
“रवांदे,” बाबा म्हणाले. “असोच धाड.”

महिन्याने ताईचं उत्तर आलं.
कार्ड सुंदर आहे, असं काही नव्हतं त्यात.
लिहिलं होतं, पाकीट फोडलं तर सासूबाई म्हणाल्या,
घरात मासळी कुणी आणली?
दोन दिवस शोधत होत्या, फडताळ, मोरी, कोनाडा.
मी काही बोलले नाही.
कार्ड उशीखाली होतं.
आणि शेवटी, शाई जरा पसरलेली,
‘बाबांचं बोट कुठलं गेलं, ते कुणी कळवलं नव्हतं मला.
आता कळलं.’

आता बंदररोडला माझी टपरी आहे.
पन्नासाची ऑर्डर, शंभराची, नाताळात जास्त.
चमकी बाजारची, सोनेरी, तिला वास नाही.
सेबीची घडी हातात इतकी मुरली
की डोळे मिटून पाच सारखी टोकं पडतात.

तरी एखादीला कात्री आपोआप आखडते.
गिऱ्हाईक बोट ठेवतं: बाई, ही चुकलीय.
बदलून देते, हुज्जत नाही.
चुकलेली मागे डब्यात टाकते, बिस्किटांच्या,
झाकण आता नीट लागत नाही त्याला.