पाच फूट दोन

प्रश्न तिसरा, गुण सहा :
‘कथेतील फसवे रूप’ उदाहरणासह स्पष्ट करा.
एकशे बारा उत्तरपत्रिका, लाल पेन, साय धरलेला चहा,
खिडकीबाहेर घोडबंदर रोडची धूळ.

एकशे अकरा जणांनी तेच लिहिलंय जे मी फळ्यावर लिहिलं होतं :
पांढऱ्या सदऱ्यातला पाहुणा, त्याचं मऊ बोलणं,
आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर बसणं
आणि सकाळी कपाटातल्या पाटल्या नाहीशा.
‘लेखक आधी वाचकाचा विश्वास संपादन करतो.’
‘संपादन’वरचा अनुस्वार निम्म्यांनी खाल्लाय.

वर्षानुवर्षं सांगत आलेय,
शेवट वाचून झाला की मागं जा,
लेखकानं खूण ठेवलेली असते.
पाहुण्यानं घरात येताना चपला काढल्याच नव्हत्या.
वर्ग हे वहीत उतरवून घेतो.
मागं कुणी जात नाही.

मग हेमांगी मेस्त्री, रोल नंबर सत्त्याण्णव.
शेवटचं बाक, तासाला डुलक्या,
केसांत भुसा,
मी त्याला कोंडा समजत होते.

तिनं लिहिलंय :
‘गोष्टीत कोणी खोटं बोलत नाही बाई, माप बदलतं.
माझे पप्पा सॅम्पल फ्लॅटचे पलंग बनवतात.
पलंग पाच फूट दोन. कपाट वीतभर खोल.
दारं लावायची नाहीत, दारं जागा खातात.
फ्रीज पुठ्याचा. समोर आरसा, म्हणजे हॉल दोनदा दिसतो.
लोक म्हणतात केवढी मोठी बेडरूम.
पप्पा म्हणतात आडवं पडून कोण बघतंय.
पण प्रत्येक पलंगाच्या खाली ते पेन्सिलीनं खरं माप लिहितात.
कशाला विचारलं, तर म्हणाले, लाकडाला तरी माहीत असावं.
पाहुण्याचं मला येत नाही,
तो धडा झाला तेव्हा मी पॉलिश मारायला गेलेली.’

उत्तर एवढंच.
समासात अंगठ्याचा तेलकट ठसा.

नऊ वर्षांपूर्वी, कासारवडवलीत,
मी आणि विश्राम अशाच एका निळ्या चादरीपुढं उभे होतो.
सेल्समन फारसं बोलला नाही.
गरज नव्हती, पलंगच बोलत होता.
विश्राम म्हणाला, इथं पुस्तकांचं कपाटसुद्धा बसेल.
वीस वर्षांच्या हप्त्यांवर सह्या केल्या, पेढा खाल्ला.
मग आमचा खरा पलंग टेम्पोतून आला
आणि तेव्हापासून बेडरूमचं दार अर्धंच उघडतं.
रोज रात्री अंग चोरून, पोट आत ओढून
एकेक जण आत जातो.
मला वाटायचं, आपणच जाड झालो.

सहापैकी किती?
पाठ्यपुस्तकाचा आधार नाही. ‘पुठ्ठा’ला एक ठ कमी.
साडेपाच लिहिलं, खोडलं,
चौकट रिकामी ठेवली
आणि गठ्ठ्यात तिचा पेपर सगळ्यात खाली सरकवला,
जसं काही तो मला बघत होता.

रविवारी वाघबीळ नाक्यापुढच्या नव्या टॉवरमध्ये गेले.
‘चपला राहू द्या मॅडम,’ म्हणत त्यांनी
वरून चढवायला निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या.
मी चपला काढल्या.
सरळ बेडरूममध्ये जाऊन आडवी झाले.

टाचा हवेत.
आरशात माझ्याच वयाची एक बाई,
कुणाच्या तरी पाळण्यात झोपलेली.

टायवाला मुलगा धावत आला, वीस-बावीसचा,
टायची गाठ आयती शिवलेली.
‘मॅडम, असं नाही करत कुणी.’
‘माहितीय,’ म्हटलं.
उठले, गुडघ्यांवर बसले,
चादरीची झालर वर केली
आणि मोबाइलचा उजेड कच्च्या प्लायवर धरला.

‘मॅडम, काही पडलंय का खाली?’

थांब रे जरा.
वाचतेय.