शेपूट धरणारा

कामुर्लीच्या धक्क्यापुढं, नदी जिथं जरा सरळ वागते,
तिथं त्यांनी सहा तराफे नांगरले.
प्रत्येकावर एक जण, पोटावर पालथा.
पहिल्यावर रूझार, दुसऱ्यावर सातू,
सहाव्यावर मी.
काम एवढंच: मागं मागं सरकत येणाऱ्या नावेचं शेपूट
दोन्ही हातांनी धरायचं,
हिरवा दिवा लागला की सोडायचं.
"ढकलायचं नाही," पंच तीनदा म्हणाले,
"फक्त सोडायचं."
दिवसाला आठशे रुपये, दोन वेळचं जेवण, पिवळी टोपी.

बाबा ह्याच पाण्यातून रेव काढायचा.
बुडी मारायचा, बादली भरायचा,
होडीची कड पाण्याला टेकेपर्यंत.
रेव बंद झाली तेव्हापासून होडी चिंचेखाली पालथी,
तिच्याखाली कोंबडी अंडी घालते.
सराव होता त्या दिवशी त्याला ह्या नावा दाखवल्या.
त्यानं एकीला टिचकी मारली.
"पापडाची आहे," म्हणाला.
मग बराच वेळ वाकून शोधत राहिला,
जोड कुठं आहे ते.

मला ठाऊक नव्हतं
की हे लोक जायच्या दिशेला पाठ करून बसतात.
म्हणजे निघताना तोंड माझ्याकडं.
तिसऱ्या दिवशी, अंतिम फेरीला,
उझबेक मुलींची जोडी माझ्या हातात आली.
जवळची माझ्यापासून दोन वल्ह्यांवर.
तळव्यावर चिकटपट्ट्या, एक सुटत आलेली.
ती तिनं दातांनी तोडली आणि पाण्यात थुंकली.
मग माझ्याकडं पाहिलं.
माझ्याकडं नव्हे; माझ्या जागी काहीतरी होतं, त्याच्याकडं.

लाल दिवा. ओहोटी लागलेली.
शेपूट बोटांत ओढ घेत होतं,
चोणाक लागल्यावर गळाचा दोर घेतो तशी.
हिरवा.

मी सोडलं.
सोडलं, असं मला वाटतं.

पुढचं इथून दिसत नाही.
चार दिवसांत कुणालाही जिंकताना मी पाहिलं नाही.
दोन हजार मीटरवरून फक्त भोंगा येतो,
तोही वाऱ्यानं कुरतडलेला:
"...स्तान," "...रौप्य," मग टाळ्या, मग खरखर.
सातूच्या मोबाइलवर नीट कळलं.
चीनला सुवर्ण, व्हिएतनामला कांस्य,
आणि मधे माझी नाव, अकरा शतांश सेकंदांनी मागं.
"म्हणजे किती रे?"
सातूनं बोटांवर हिशेब केला.
"हातभर पाणी," म्हणाला.

हातभर.
मी दोन्ही हात टोपीखाली लपवले.

रात्री बाबाला सांगितलं.
हुमण ओरपता ओरपता त्यानं ऐकलं.
"रेवेतनं हात काढला तरी
नखात थोडी राहतेच," म्हणाला,
"जेव आता. सुंगटं निवतील."

शेवटच्या दिवशी सायकल मारत पलीकडच्या टोकाला गेलो.
फळ्यांच्या मंचावर त्या दोघी, गळ्यात रुपेरी चकती,
दुसऱ्या कुणाचं राष्ट्रगीत चाललेलं.
मला वाटलं होतं, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल
आणि ते मला वाचता येईल.
ती एका पायानं दुसरी पोटरी खाजवत होती.
आमचे डास.
मी टोपी काढून ठेवली होती, तिनं ओळखायचा प्रश्न नव्हता.
ती टोपी असती तरी नव्हता.

सगळे गेले. तराफे ट्रकवर चढले.
लेनचे बोये गोळा करायचं काम निघालं,
तेव्हा बाबानं होडी सरळ केली.
कोंबडी फार बोलली.
खाली तीन अंडी, ती आईनं पदरात घेतली.
भेगांतून पाणी येत होतं, तरी उतरवलीच.
तो वल्हवायला लागला, जायच्या दिशेला तोंड करून,
जसं माणसानं करावं.
मी मागं बसलो, धक्क्याकडं बघत.

निघताना आम्हाला कुणी धरलेलं नव्हतं.
तरी मी उगाच
मागं हात घालून पाहिला.