बोकड्या

डेपोत होतो तेव्हा
गाडी फाटकातून वळायच्या आत सांगायचो,
नोझल गेलंय, की बेल्ट सैल,
की काही नाही, ड्रायव्हर नवा आहे.
आवाजावर सांगायचो. एकतीस वर्षं.

मिरचीला आवाज नाही.

जिंतूर रोडच्या मागच्या गल्लीत, स्लॅबवर,
सात झाडं: पाच रंगाच्या डब्यांत, एक फुटक्या माठात,
एक ग्रीसच्या डब्यात,
जो मी रिटायर होताना घरी आणला
आणि निरम्यानं तीनदा धुतला.
फेब्रुवारीत अशी तरारली
की प्रयाग म्हणाली, मीठ-मोहऱ्या उतरून टाकू का यांच्यावरनं?

होळीनंतर पानं पिवळी. कडा करपलेल्या.
मी पाणी वाढवलं. जास्तच पिवळी.
जो जिना चढेल तो डॉक्टर:
ताक घाला, राख घाला, तंबाखू भिजवून घाला,
ग्रीसच्या डब्यात कामून लावली वं, असंही एक जण.
एके सकाळी डब्याच्या काठावर
पांढरी खार दिसली. बोट लावलं, जिभेला लावलं.

हिला मी ओळखतो.
रेडिएटरमधून हीच खरवडत आलो जन्मभर.

तर दोष माझाच.
पाणी वाया जाऊ नये म्हणून
कूलरच्या टाकीचं उरलेलं घालत होतो रोज,
बोअरचं पाणी, त्यातलं पाणी उडालेलं,
राहिलेला नुसता क्षार.
डब्यांची भोकं ड्रिलनं मोठी केली.
आठव्या दिवशी नळ आला तेव्हा
माणसांच्या आधी मिरच्यांच्या मुळांतून दोन घागरी गेल्या,
त्यावरून घरात जे झालं ते इथं लिहीत नाही.

मग फुलं आली. आणि गळली.
सकाळी झाडू मारताना स्लॅबवर पांढरी चुरी.
हे सोपं होतं: त्रेचाळीसचं ऊन,
गाडीसुद्धा घाटात तापली की थांबवतो आपण.
हिरवी जाळी बांधली, डबे विटांवर उचलले,
थोडी टिकली. थोडी नाही.

पण ग्रीसच्या डब्यातली.
तिची पानं आखडली, बारीक झाली,
बोकडाच्या कानासारखी मुरडली.
विद्यापीठातून रिटायर झालेला दत्तोबा शिपाई म्हणाला,
पान वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी.
आणि दोन्हीकडं वळलं तर?
त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

शेजारचे चाऊस कठड्यावरून बघत होते.
मिस्तरी, हे उखाडके फेको, म्हणाले.
सफेद माशी एका झाडावर रहाती नै.

गाड्यांवर स्क्रॅपचा शेरा मी मारलाय.
सही करताना हात अडला नाही कधी.
इथं निंबोळीचा अर्क केला, दोनदा गाळला,
पानाच्या पाठीमागून फवारला, एकेक पान उलटं धरून,
लेकराचे कान धुतात तसं.
आठ दिवस.
नवव्या दिवशी माठातलीचा शेंडा मुरडला.

दोन्ही उपटल्या. प्रयागला उठवलं नाही.
मुळं चांगली होती, पांढरी, भरपूर,
त्याचंच वाईट वाटलं.
पिशवीत बांधून घंटागाडीत टाकल्या,
पोरगा म्हणाला, काका, ओला कचरा का सुका?

पाचांना मिरच्या लागल्यात.
चाऊसना चार दिल्या, एक त्यांनी तिथंच चावली
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
ग्रीसच्या डब्यात प्रयाग आता
कपड्यांचे चिमटे ठेवते.

आज जाळीखालच्या कोपऱ्यात
तिसऱ्या डब्यातलं वरचं पान
जरासं वळल्यासारखं दिसतंय.
चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.
वाऱ्यानं असेल.