उणे ऐंशी

हेल्वे नळ्या मोजायची तेव्हा तिचे ओठ हलत नसत,
हलायचा फक्त अंगठा.
एका तबकात शहाण्णव खळगे,
प्रत्येकात पाच मायक्रोलिटर सीरम,
डासाच्या एका जेवणाइतकं.

तार्तूत नोव्हेंबरचा दिवस साडेतीनला आटोपतो.
आम्ही दिवा लावून बसतो आणि शोधतो,
म्हातारपण दार वाजवायच्या आधी
कुठल्या खिडकीतून आत येतं.
तीच आठशे माणसं, दर तीन वर्षांनी तीच शीर,
एकच प्रथिन: किती वाढलं, किती नाही.

आणि प्रत्येक तबकात, कोपऱ्यात,
एका अनोळखी दात्याचं रक्त.
दोन हजार नऊ साली घेतलेलं, थेंबाथेंबात वाटून
उणे ऐंशीत गोठवलेलं.
न बदलणं एवढंच त्याचं काम.
बाकी सगळ्यांचं बदलणं
त्याला विचारून ठरायचं.

मार्चपासून ते बदलू लागलं.

जुळ्या खळग्यांचं आपसात पटेना.
दोन टक्क्यांचा फरक, मग चार, मग सात.
मी रसायनाची नवी पेटी फोडली.
फ्रीजरचं दार अर्धवट लावतो म्हणून
तौरीला उगीच बोलले,
तो बिचारा दोन दिवस गप्प होता.
पिपेट तराजूवर नेलं, दहा वेळा पाणी सोडलं:
पाच, पाच, पाच, चार पूर्णांक नव्याण्णव, पाच.
पिपेट साधं सरळ होतं. माझ्या हातात.

संध्याकाळी आलेखावरच्या ठिपक्यांना रंग दिले.
माझे राखाडी, तिचे निळे.
मग पडदा बंद केला
आणि कारण नसताना हात धुतले.

खात्री नको होती म्हणूनच कदाचित
जुनी खोकी काढायला गेले.
फ्रीजरची वाफ पायांवर उतरली.
अंगठ्याने हिम पुसत लेबलं वाचली, वर्षामागून वर्ष,
सगळी हेल्वेच्या हातची.
पहिल्या खोक्यावर अक्षरं मटारएवढी,
शेपट्या लेबलाबाहेर गेलेल्या, घाईत, तोऱ्यात.
मग मोहरीएवढी.
गेल्या हिवाळ्यातली खसखस.

हा प्रयोग कुणी आखला नव्हता.
संमतीपत्र नाही, क्रमांक नाही.
आठशे माणसांच्या रक्ताला
नावं चिकटवता चिकटवता
तो आपोआप होत गेला, बारा वर्षं,
आणि उणे ऐंशीत शाबूत राहिला.

फॉर्मवर रकाना असतो: विचलनाचं कारण.
रसायन. यंत्र. तापमान. इतर.
मी पेन धरून बसले होते
तेव्हा ती कोट घालूनच आली,
हातात कागदात गुंडाळलेला राईचा अर्धा पाव.
माझ्या खांद्यावरून वाकली,
निळे ठिपके पाहिले,
कुणाचेही पाहिले असते तसे.

"नमुने किती?"
"एकशे बारा."
"मग पुरेसे आहेत."

पेन घेतलं, "इतर"वर खूण केली.
सही वाचायला मला कागद दिव्याखाली न्यावा लागला.
पाव तिने टेबलावरच ठेवला,
म्हणाली, खा, उद्यापर्यंत कडक होईल.

आता ती तौरीच्या मागे उभी असते,
दोन्ही हात खिशात.
कोपर टेबलाला टेकव. श्वास सोडून मग थेंब सोड.
आणि कोरा खळगा विसरू नकोस, ती सांगते,
ज्यात काहीच घातलेलं नाही, तोही थोडा चमकतो.
तेवढी चमक आधी वजा करायची,
मगच म्हणायचं,
काही बदललं.

तौरी मान हलवतो.
खिशातला तिचा डावा हात कापडाआडून
काहीतरी मोजत असतो.